फोर्थचा पूल आणि त्र्याहत्तर माणसे

(बांधकाम कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



पुलांवर बोला, असे संयोजकांनी सुचविले तेव्हा आम्ही हावड्याचा पूल घ्यायचे ठरविले होते. तयारी करताना मागे जात जात स्कॉटलंडमधल्या फोर्थच्या खाडीपाशी पोचलो आणि तिथेच अडकलो. हावड्याचे तंत्र तिथेच मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाले, म्हणून आज तिथलेच सांगतो.

सुरुवात एका अपघाताने होते. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात टे नदीवरचा रेल्वे पूल गाडीसकट कोसळला. सुमारे ७५ माणसे गेली, असे म्हणतात. नावानिशी नोंद सापडते ती ५९ जणांची. चौकशीत निघाले की, वाऱ्याच्या दाबाचा हिशेबच धरलेला नव्हता आणि ओतीव लोखंडाचे कामही सदोष होते. फोर्थवरचा पूलही त्याच अभियंत्याकडे, टॉमस बाऊच यांच्याकडे होता. तो त्यांच्याकडून गेला आणि फाऊलर व बेकर यांच्याकडे आला. त्यांनी दर चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरून पूल आखला आणि ओतीव लोखंड सोडून पोलाद घेतले.

पण खाडी खोल आणि गाळा १,७१० फुटांचा. खालून टेकू देणे अशक्य. मग पूल उभा कसा राहणार? बेकर यांनी हे लोकांना समजावले ते फार सोपे होते, आपणही करून पाहा. दोन माणसे अंतर ठेवून खुर्च्यांवर बसविली, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. प्रत्येक हातापासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत एकेक तिरकी काठी. बाहेरच्या हातांना विटांचे ओझे बांधले आणि आतल्या बाजूला दोघांच्या मधे फळी टेकवून तिच्यावर काईची वातानाबे हा जपानी अभियंता बसला. हात ताणले जातात, काठ्या दाबल्या जातात आणि मधला माणूस अधांतरी बसतो. कँटिलीव्हर तो हाच. मनोऱ्यापासून दोन्ही बाजूंना सारखेच बांधत पुढे सरकायचे, तराजू कलू द्यायचा नाही. १९४३ साली खुला झालेल्या हावडा पुलाचा मधला १,५०० फुटांचा गाळाही असाच आहे : दोन्हीकडून ४६८ फुटांचे हात आणि मधे ५६४ फुटांचा टांगलेला भाग.

म्हणजेच काम करणारा माणूसही अधांतरीच. पाण्यावर शेकडो फूट उंच, वाऱ्यात, तापवून लाल केलेला रिव्हेट पकडून ठोकायचा. असे सुमारे ६५ लाख रिव्हेट. पायासाठी ७० फूट व्यासाच्या लोखंडी विहिरी उतरविल्या होत्या. त्यांतल्या काहींत दाबाची हवा भरून माणसे तळाशी खणत. ऐन भरात साडेचार हजारांवर माणसे कामावर होती. ठेकेदाराने प्रत्येक हाताखाली बचावाच्या होड्या ठेवल्या होत्या, त्यांनी निदान आठ जणांना वाचविले, हे मान्य केले पाहिजे. आजार व अपघात निधीही १८८३ पासून होता. त्याच्या वहीत २६,००० नोंदी झाल्या. हे आकडे ठेकेदाराच्या दयेबद्दल बोलतात की कामाच्या धोक्याबद्दल, ते तुम्हीच ठरवा.

४ मार्च १८९० रोजी युवराजांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. मृतांचा आकडा तेव्हा ५७ सांगितला गेला आणि शंभरावर वर्षे तोच पुस्तकांतून फिरत राहिला. २००५ नंतर तिथल्या स्थानिक इतिहासप्रेमींनी मृतांची नावे शोधायला घेतली. २००९ पर्यंत आकडा ७३ वर गेला. ३८ जण पडून, ९ चिरडून, ९ बुडून, ८ वरून पडलेल्या वस्तूने, ३ झोपडीला लागलेल्या आगीत, १ दाबाच्या हवेच्या आजाराने गेला. पाच जणांचे कारण आजही कळत नाही. सर्वांत लहान तेरा वर्षांचा होता. सोळा माणसे हिशेबातूनच गळली होती! पोलादाचे टन मात्र कुणी विसरले नाही. २०१२ साली खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांची स्मारके झाली.

हे आम्ही एवढे लांबण लावून का सांगतो? आपल्याकडे १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा आणि उपकराचा कायदा झाला. त्यातल्या मंडळाचे लाभ नोंदलेल्या कामगारासाठी ठेवले गेले. पोटठेकेदाराकडे आलेला, परराज्यातला, आठवड्यापूर्वी लागलेला माणूस नोंदीत असतोच असे नाही. तो पडला तर प्रेत गावी जाते, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीपुस्तकात त्याचे नाव शोधून सापडत नाही.

म्हणून या अभ्यासवर्गातून परतल्यावर प्रत्येक शाखेने साइटवर आपली एक वही ठेवावी. नाव, गाव, घरच्यांचा पत्ता, कोणत्या ठेकेदाराकडे, कोणत्या तारखेपासून, कोणत्या कामावर. पट्टा आणि टोपी मिळाली की नाही, तेही लिहावे. वही ठेकेदाराच्या कचेरीत ठेवू नये. दर महिन्याला तिची एक प्रत शाखेकडे यावी. पहिल्या प्रती येतील तेव्हा आपण पुन्हा बसू.