औषधाच्या बाटलीतील विज्ञान



बी. फार्मसीला प्रवेश मिळाला की आपल्या घरी पेढे वाटले जातात. दुसऱ्या वर्षी मात्र तोच मुलगा, तीच मुलगी हिरमुसून घरी येते. विचारले तर उत्तर एकच, 'फिजिकल राहिला.' त्या विषयावर आज आम्ही चार शब्द बोलणार आहोत.

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात फिजिकल फार्मास्युटिक्स हा विषय तिसऱ्या व चौथ्या सत्रात, दोन भागांत येतो. औषध कसे विरघळते, कसे तरंगते आणि किती काळ टिकते, हे तो शिकवतो. मित्रांनो, यातले बरेचसे आपण मांडवीत रोज पाहतो.

पावसाळ्यात भाट्याच्या खाडीचे गढूळ पाणी पेल्यात भरून ठेवा. वाळू लगेच तळाला बसते, बारीक गाळ मात्र बराच वेळ तरंगतो. स्टोक्सचा नियम हाच आहे : बाकी सारे सारखे असता कणाचा व्यास निम्मा झाला, तर तो बसण्याचा वेग एक चतुर्थांश होतो. मुलांच्या पातळ औषधावर 'बाटली हलवून घ्या' असे लिहितात ते यासाठीच. न हलवता दिले तर वरचे चमचे फिके जातात आणि तळाच्या चमच्यात औषध जास्त जाते.

आता समुद्राचे पाणी घ्या. त्यात साधारण ३.५ टक्के क्षार असतात. दवाखान्यातील सलाईनमध्ये मीठ ०.९ टक्केच का? कारण रक्तातील तांबड्या पेशी समुद्राच्या पाण्यात आकसतील, नुसत्या पाण्यात फुगून फुटतील, ०.९ टक्क्याला त्या जशाच्या तशा राहतात.

मग आपली मुले अडतात कुठे? आमच्या मते, लॉगरिदममध्ये. बारावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांसाठी पहिल्या सत्रात पूरक गणित ठेवलेले आहे. त्याच्याकडे कुणी गांभीर्याने पाहत नाही. पुढे पीएच आला की लॉगरिदम लागतो. औषध १० टक्के कमी व्हायला लागणारा काळ काढतानाही तोच लागतो. प्रथम श्रेणीच्या विघटनात ०.१०५ या आकड्याला वेगस्थिरांकाने भागतात, पण हा आकडा लॉगरिदममधूनच आला हे ठाऊक नसेल, तर उरते फक्त घोकंपट्टी.

पालकांनी पोटाला चिमटा घेऊन फी भरलेली असते. एक विषय राहिला म्हणून 'हे आपले काम नव्हे' असे मुलांनी मनात घेऊ नये. पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत गावी आल्यावर मागच्यांना आठवडाभर लॉगरिदम शिकवावा, एवढीच आमची विनंती आहे. उद्या याच मुलांच्या हातून गेलेले औषध कुणाच्या तरी लेकराच्या पोटात जाणार आहे. ते समजून दिलेले असावे.