लाळ आणि हिरड्यांचे रक्षक



बीड जिल्ह्यांतील सिरसाळ्यासारख्या गांवांपासून मुंबईच्या चाळींपर्यंत मिश्री लावण्याची चाल जुनी आहे. थुंकींत रक्त दिसलें, तर 'हिरड्या कच्च्या आहेत' म्हणून आपण तें सोडून देतों. वस्तुतः त्या वेळीं तोंडांत झुंज चाललेली असते.

मनुष्याच्या तोंडांत रोज सुमारें अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. हिरडी व दांत यांमधील फटींतून रक्तांतील पांढऱ्या पेशीही तींत उतरतात. जंतु गिळणाऱ्या अशा पेशींवरील संशोधनाबद्दल मेच्निकॉफ यांस १९०८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतील कांहीं पेशी आपल्या केंद्रांतील तंतूंचें जाळें फेंकून जंतूंस अडकवितात, हें २००४ सालीं उघड झालें; लाळ त्यांना या कामीं चेतविते.

मात्र दांतांवर कीटण सांचून हिरड्या सुजल्या, म्हणजे या पेशींची गर्दी होते व त्यांचा आवेश शमत नाहीं. त्यांच्यांतून सुटणारें, मांसतंतु विरघळविणारें द्रव्य लाळेंत वाढतें. जंतूंसाठीं उपसलेल्या शस्त्रानें दांतांचे बंधच तुटतात, हाड झिजतें व दांत हलूं लागतात. तें द्रव्य लाळेंत मोजून रोगाची चाहूल घेण्याच्या चाचण्याही आतां निघाल्या आहेत.

हा रोग बहुधा दुखत नाहीं. म्हणूनच तो फसवितो. मधुमेह असल्यास तो अधिक बळावतो. मिश्रीनें हिरड्या बळकट होत नाहींत, उलट मागें सरतात. तेव्हां मिश्रीची डबी दूर ठेवावी, दोन वेळां मऊ ब्रशानें दांत घासावेत आणि रक्त दिसतांच दंतवैद्य गांठावा. झिजलेलें हाड सहसा परत भरून येत नाहीं.