संकल्पनेपासून संकेतस्थळापर्यंत



संकेतस्थळ उभारणे हे केवळ यंत्रज्ञाचे काम, असा समज रूढ आहे. वस्तुतः त्याची निर्मिती ग्रंथालयाच्या उभारणीहून फारशी निराळी नाही. आधी वाचक ठरवावा, मग संग्रह, मग वर्गीकरण व सूची. वास्तूची सजावट सर्वांत शेवटी.

मराठी विश्वकोशाचे उदाहरण बोलके आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध झालेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला. अकारविल्हे नोंदी व परस्परसंदर्भ ही शिस्त छापील खंडांतच होती. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते संकेतस्थळावर आले, तेव्हा तीच शिस्त उपयोगी पडली.

पुढचा टप्पा अक्षरांचा. पानाचे नुसते छायाचित्र ठेवले तर ते दिसते, परंतु त्यातील शब्द शोधता येत नाही. मजकूर युनिकोडमध्ये असला, म्हणजे हवी ती नोंद क्षणात सापडते.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात असलेल्या वांकिडीतील मराठी वाचकाला वाई फार दूर. त्याच्या हाती लहानसा भ्रमणध्वनी व मंद जोडणी असेल, असे धरून पाने हलकी, चित्रे मोजकी आणि शोधाची चौकट ठळक ठेवावी. आराखड्याची कसोटी हा दूरचा वाचकच होय.

उद्घाटनाने कार्य संपत नाही. दुवे तपासणे, चुका दुरुस्त करणे, प्रती जतन करणे हे नित्याचे काम आहे. देणगीदारांनी उद्घाटनाइतकीच त्यापुढील वर्षांचीही तरतूद करावी.