मोजायचं तर एकाच गेजने मोजा



आजच्या साहित्य संमेलनाच्या पत्रिकेत दुपारी दोन वाजता, जेवणानंतरच्या सुस्तीत, 'स्त्रियांचे लेखन' हा परिसंवाद ठेवलाय. 'पुरुषांचे लेखन' मात्र पत्रिकेत कुठेच नाही. त्यांचं ते साहित्य, आमचं ते स्त्रीसाहित्य. ही वाटणी मला साफ नामंजूर आहे.

ही खोड जुनी आहे. १९३३ साली विभावरी शिरूरकर या टोपणनावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात उघड मांडलेलं. केवढा गहजब! कथा कशा उतरल्यात हे बाजूलाच राहिलं. ही बाई कोण, याचाच शोध चालला. हे पुरुषाचंच लिखाण, असेही तर्क झाले. विभावरी म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांनीच १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी लिहिली. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांचं तारेच्या कुंपणाआडचं जगणं. सोलापूरच्या अशाच कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये काम करताना त्यांनी ते जवळून पाहिलं होतं. पण आजही विभावरी म्हटलं की 'कळ्या' आठवतात, 'बळी' नाही. बाईने घराबाहेरचं लिहिलं की आमच्या वाचकांची आठवण आखडते.

कविता महाजनांच्या 'ब्र' कादंबरीचंही तेच. तिच्यात आदिवासी भागातल्या महिला सरपंच आहेत, पंचायतीचं राजकारण आहे, संस्थांचे व्यवहार आहेत. एवढ्या ऐवजावर 'धाडसी लेखिका' असा शिक्का मारून मोकळे होणारे मी पाहिलेत.

आता आपल्या दारातलं सांगते. एका कथास्पर्धेत मी परीक्षक होते. चाकणच्या कारखान्यात लाइनवर काम करणाऱ्या एका मुलीची कथा आली. ठेकेदार सात महिने भरले की कामावरून ब्रेक देतो. गेटवर कार्ड जमा करताना नायिका हातातले ग्लोव्हज घडी घालून परत करते, कारण हरवले तर पैसे कापतात. म्हाळुंग्याच्या खोलीचं भाडं, पुन्हा नवी एजन्सी, पुन्हा ट्रेनी. सोबतच्या परीक्षकांनी शेरा लिहिला: 'स्त्रीमनाची हळुवार घुसमट'. अहो, घुसमट कसली? तो रोजगाराचा हिशेब आहे! हीच कथा पुरुषाच्या नावाने आली असती, तर 'कामगारजीवनाचं भेदक चित्रण' म्हणून पहिली आली असती.

आम्हाला सवलत नकोय. कथा फसली असेल तर बेलाशक रिजेक्ट करा. पण भोसरीच्या वर्कशॉपमध्ये माणूस बघून मोजमापाचं गेज बदलत नाहीत, तसं इथेही बदलू नका.

१८७८ पासून चालत आलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला २०२५ च्या दिल्लीपर्यंत ९८ संमेलनांत सहाच स्त्री-अध्यक्ष मिळाल्या. त्यातल्या शांता शेळके १९९६ साली इथे शेजारी, आळंदीत अध्यक्ष होत्या. मिरवताना ते नाव घेता ना? मग अध्यक्ष निवडतानाही बायकांची नावं घ्या.

संयोजकांनो, पुढच्या वर्षी दोन वाजताचा तो परिसंवाद रद्द करा. कादंबरीवर बोलायचं तेव्हा लेखिकांना सकाळच्या मुख्य सत्रात बसवा. स्पर्धेच्या कथा नाव झाकून वाचा. हे जमणार नसेल, तर मला पुन्हा बोलावू नका.