शाल, श्रीफळ आणि मानधन
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मल्लेश्वरम येथे केलेले भाषण)



गेल्या वर्षी आमच्या कन्येने नोकरी सोडून दोन वर्षे केवळ रियाज करण्याची इच्छा व्यक्त केली. ‘गाण्याने पोट भरत नाही,’ असे म्हणून आम्ही तो विषय तेथेच मिटविला. ती काही बोलली नाही. परंतु तंबोऱ्याची गवसणी त्यानंतर कित्येक दिवस निघाली नाही. त्या मौनानेच आम्हांला आज येथे बोलते केले आहे.

पंडित भीमसेन जोशी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात गदगचे घर सोडून निघाले. ग्वाल्हेर, कलकत्ता असे भटकत ते जालंधरला पोहोचले, तेव्हा विनायकबुवा पटवर्धनांनी त्यांना सांगितले की, सवाई गंधर्व तर तुमच्याच मुलखात आहेत! कुंदगोळला १९३६ मध्ये तालीम सुरू झाली. भारतरत्न हा किताब लाभला तो २००८ साली. मधली सारी वर्षे रियाजाची आणि मैफलींची.

दुसरे उदाहरण आपल्या बंगळूरचे. श्रीमती ललित राव यांच्या हाती अभियांत्रिकीची पदवी होती. तरीही त्यांनी गाणेच निवडले. प्रथम पंडित रामराव नाईक, पुढे दिनकर कायकिणी व खादिम हुसेन खाँ यांच्याकडून त्यांनी आग्रा घराण्याची विद्या मिळविली.

एक वाट घर सोडून गेली, दुसरी पदवी घेऊन. गुरू शोधणे हे शिष्याचे काम. पण जाणता श्रोता आणि चार पैसे पुरविणे हे समाजाचे काम नव्हे काय? आपण गणेशोत्सवात मांडववाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला ठरलेली रक्कम चुकती करतो. आपल्याच गल्लीतील तरुण गायकाच्या हाती मात्र शाल-श्रीफळ देऊन ‘ही गणरायाची सेवा’ म्हणतो. मग ‘गाण्याने पोट भरत नाही’ हे वाक्य खरे करणारे आपणच ठरतो!

आमची नम्र सूचना अशी: या सुवर्णवर्षापासून प्रत्येक उत्सवातील एक संध्याकाळ स्थानिक तरुण कलावंतासाठी राखावी आणि त्यास, त्याच्या साथीदारांसह, आधी ठरवून मानधन द्यावे. पहिल्या वर्षाचा भार आम्ही आनंदाने उचलू.

घरीही आम्ही आमचे शब्द मागे घेतले आहेत. गवसणी पुन्हा निघाली आहे. पुढे काय होईल ते सूर जाणोत. निदान अडथळा आमचा नसावा.