अंगणातील डास आणि आपले वेळापत्रक

(एप्रिल महिन्यात तालुक्याच्या शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय अंगणातील रांजणाचा आहे. तो मी मुद्दाम उन्हाळी सुटीपूर्वी घेतला आहे. डासांच्या बाबतीत आपण जे करतो ते बहुधा योग्यच असते; मात्र ते आपण महिनाभर उशिरा करतो.

डास कानाशी गुणगुणू लागले म्हणजे ग्रामपंचायतीकडे अर्ज जातो, धुराचे यंत्र येते, मुले त्यामागे धावतात (त्यांनी धावू नये, हेही आपणच सांगितले पाहिजे) आणि गाव समाधान पावते. परंतु धुराने मरतो तो उडणारा डास. पाण्यातील अळीला त्याची बाधा होत नाही. आपल्याकडील उष्ण हवेत अंड्यातून अळी निघून तिला पंख फुटेपर्यंत सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे आज धूर झाला तरी पुढील आठवड्यात नवी पिढी हजर असते. त्यातही भर दुपारी केलेला धूर वरच्यावर विरून जातो. तो करावयाचाच तर पहाटे किंवा दिवस मावळताना करावा.

डेंग्यू व चिकुनगुन्या पसरविणाऱ्या एडिस डासाची रीत तर विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याची मादी साठविलेल्या स्वच्छ पाण्याच्या भांड्यात, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, ओलसर भिंतीला अंडी चिकटविते. ती काळी व अत्यंत बारीक असतात. भांडे कोरडे पडले तरी ती मरत नाहीत. कित्येक महिने तशीच राहतात आणि पाणी लागताच फुटतात.

हे मी वर्गात शिकविलेले होते. तरीही काही वर्षांपूर्वी मे महिन्यात सहकुटुंब गावी जाताना परसातील सिमेंटची टाकी मी केवळ रिकामी केली, घासली नाही. रोहिणी नक्षत्रात वळवाच्या सरी आल्या आणि टाकीत चार बोटे पाणी साचले. जूनमध्ये परतलो तेव्हा अंगणात बसवत नव्हते. जुलैच्या आरंभी धाकट्या मुलीला ताप भरला. तो डेंग्यू निघाला व सहा दिवस ती रुग्णालयात होती. पाठोपाठ शेजारची दोन मुले पडली. डास आमच्याच टाकीतले होते, हे सिद्ध करता येणार नाही. परंतु त्या शेजाऱ्यांनी मला दोष दिला नाही, याचेच ओझे अधिक वाटे.

तेव्हा पहिली वेळ सुटी लागण्यापूर्वीची. टाकी, रांजण, हौद रिकामे करून आतील भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशाने खरखरून घासाव्यात, आणि शक्य ते पालथे घालावे. छपरावरील टायर, नारळाच्या करवंट्या व फुटके माठ यांची विल्हेवाटही याच वेळी लावावी. शाळेच्या बागेभोवती रंगविलेले टायर आपण हौसेने पुरले आहेत. त्यांत एक तर काठोकाठ माती भरावी, नाही तर त्यांना खालून भोके पाडावीत. सांडपाण्याचा शोषखड्डाही उन्हाळ्यातच खणावा. पावसाळ्यात जमीन पाण्याने तुडुंब झाल्यावर तो काय शोषणार?

दुसरी वेळ मृगापासून पुढे, दर आठवड्याची. वार कोणताही चालेल, पण तो चुकता कामा नये. सात दिवसांचे गणित पंधरा दिवसांनी साधत नाही. शनिवारची शाळा सकाळची असल्याने मुलांना घरी जाऊन अंगण पाहण्यास तो वार सोयीचा. सलग झड असते तेव्हा भांडी भरून वाहतात व पुष्कळ अळ्या वाहून जातात. खरी दक्षता हवी ती श्रावणातल्या ऊनपावसात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू आढळले. तो दिवस याच ऋतूत येतो. त्या दिवशी काचेच्या पेल्यात अळ्या घेऊन पाठ घ्यावा. पृष्ठभागाशी आडवी राहणारी अळी हिवतापाच्या ॲनाफिलीस डासाची. शेपटी वर करून तिरकी लोंबणारी एडिस किंवा क्युलेक्सची. पाठ संपताच पेला कोरड्या मातीत ओतावा, हे विसरू नये.

तिसरी वेळ दिवाळीच्या सुटीपूर्वीची. पाऊस सरला म्हणजे आपण निर्धास्त होतो. पण डेंग्यूचा जोर तेव्हाही टिकून असतो आणि शाळेचा हौद पुन्हा बेवारस पडतो.

एक अडचण मी जाणतो. ज्या गावी नळाला आठवड्यातून एकदा पाणी येते, तेथे "भांडी रिकामी करा" असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. अशा घरी पाणी फेकण्यास सांगू नका. ते फडक्यातून गाळून धुण्यास वा झाडांना वापरावे, भांडे घासून मग नवे पाणी भरावे व तोंडाला घट्ट कापड बांधावे. जो हौद रिकामा करणे शक्यच नाही, त्याविषयी आरोग्य-सेवकास विचारावे. तो गप्पी मासे देईल किंवा अळीनाशक औषध घालील. औषधाचे प्रमाण आपल्या अंदाजाने ठरवू नये.

सुटी लागण्यास आता थोडेच दिवस उरले आहेत. शाळेच्या हौदाकडे मे महिन्यात कोण पाहील, त्या पालकाचे नाव प्रत्येक मुख्याध्यापकांनी आज येथून उठण्यापूर्वी केंद्रप्रमुखांकडे लिहून द्यावे. वळवाची पहिली सर पडली की दुसऱ्या दिवशी त्याने हौदात डोकावयाचे आहे.