वेजने सोललेला बॉल आणि केसाएवढा वाद

आजचा एपिसोड भंडाऱ्याहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली तर समजून घ्या. विषय गोल्फचा आहे. थांबा, स्किप नका करू. मलाही दोन वर्षांपूर्वी वाटायचं की हा निवृत्त साहेबांचा खेळ आहे. मग पुण्यात ऑफिसच्या पोरांनी एकदा रेंजवर नेलं आणि लागलं वेड.

तर झालं असं. ऑफिसची छोटीशी मॅच होती, हरणारी टीम सगळ्यांना जेवण देणार. मी नवीन सेकंडहँड सँड वेज घेतलेला आणि बॉलही भारीतला, टूरवाले वापरतात तसा मऊ युरेथेन कव्हरचा. तिसऱ्या होलवर बंकरमधून एक फटका, लगेच पुढे रफमधून दुसरा. बॉल फेअरवेवर आला तेव्हा त्याच्या कव्हरवर खवणीवर घासल्यासारखे ओरखडे, वरून बारीक पांढरी साल निघालेली. मी म्हटलं, हा तर गेला. खिशातून दुसरा काढला, तिथेच ठेवला, मारला. समोरच्या टीममधला एकजण शांतपणे म्हणाला, "एक स्ट्रोक पेनल्टी."

आम्ही ती मॅच एका स्ट्रोकने हरलो. बिल मीच भरलं, ते जाऊ द्या.

रात्री नियम वाचले. नियम 4.2 मध्ये लिहिलंय की होल सुरू असताना बॉल कापला गेला किंवा त्याला तडा गेला आणि ते डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल, तरच बदलता येतो. नुसता ओरखडा, खरचटणं, रंग उडणं यात धरत नाहीत. होल संपल्यावर पुढच्या होलला तुम्ही हवा तो बॉल घ्या, कोणी अडवत नाही. म्हणजे मी फक्त पाच मिनिटं धीर धरायला हवा होता. आणि 2023 च्या आधी चुकीने बॉल बदलण्याची शिक्षा याहून मोठी होती, म्हणजे मी स्वस्तात सुटलो.

पण डोक्यात किडा राहिला. वेज बॉलला असं सोलतो कसा?

दिवाळीत घरी आलो तेव्हा वेज आणि डझनभर जुने बॉल सोबत आणले. धान कापून झालं होतं, आमची बांधी मोकळी. धसकटांतून फटके मारत होतो तर मोठेबाबा आले. "हे काय करून राहिला तू?" मी वेज हातात दिला. आमचे मोठेबाबा आयुष्यभर पितळी भांड्यांच्या कामात होते. भंडाऱ्याला पितळनगरी म्हणतात, तर घरोघरी कोणी ना कोणी त्या धंद्यातलं असतंच. त्यांनी चष्मा वर केला, वेजच्या तोंडावरच्या खाचांवरून अंगठा आडवा फिरवला आणि लगेच म्हणाले, "याची धार मोडली नाही रे. असं भांडं गिऱ्हाईकाला दिलं तर हात कापला जाईल त्याचा."

बस. उत्तर तेच होतं.

आता जरा इंजिनिअरगिरी करतो. वेज, आयर्न यांच्या तोंडावर आडव्या खाचा असतात, त्यांना ग्रूव्ह म्हणतात. खूप जणांना वाटतं ग्रूव्ह बॉलला पकडून फिरवतात. कोरड्या, स्वच्छ बॉलवर त्यांचा फरक फार कमी पडतो. त्यांचं खरं काम टायरच्या नक्षीसारखं आहे: बॉल आणि धातूच्या मध्ये आलेलं पाणी, गवताचा रस बाजूला जायला वाट देणं. पण त्या वाटेच्या दोन्ही काठांना धार असते. बॉल क्लबच्या तोंडाला चिकटून असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात तो चपटा होतो, कव्हर खाचेत दाबलं जातं. ड्रायव्हरचं तोंड जवळपास उभं, त्यामुळे जोर बहुतेक सरळ आत जातो. वेजचं तोंड मागे कललेलं, पन्नास-साठ अंश. बॉल त्यावरून वर घसरायला बघतो आणि कव्हर त्या काठांवर कानशीवर घासावं तसं घासलं जातं. म्हणून वेज जेवढा नवा, तेवढे ओरखडे जास्त. मध्ये बंकरची वाळू आली की ती वेगळं काम करते.

मग कव्हर कडक का नाही करत? करतात ना. 1960 च्या दशकात ड्यूपाँटचं सर्लिन आलं, एक प्रकारचं टणक प्लास्टिक. त्याच्या आधी चांगले बॉल बलाटाच्या कव्हरचे असायचे. बलाटा म्हणजे झाडाचा चीक, इतका मऊ की आयर्नचा फटका बॉलच्या मधोमध बसला की कव्हर फाटून हसरं तोंड तयार व्हायचं. सर्लिनचं तसं होत नाही, पण त्याला वेजने स्पिन कमी मिळतो, ग्रीनवर पडून पुढे पळतो. टूरवाले म्हणून बलाटाला चिकटून राहिले. नंतर युरेथेन आलं, आणि 2000 साली टायटलिस्टचा प्रो व्ही वन आल्यावर बलाटाचा जमाना संपला. युरेथेन बलाटापेक्षा खूप चिवट, तरी मऊच. ओरखडे ही त्या स्पिनची किंमत आहे.

आता यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. कार्स्टन सोल्हाइम नावाचे एक इंजिनिअर होते, मूळ नॉर्वेचे, अमेरिकेत वाढले. घरचा धंदा चांभारकामाचा, स्वतःही बूट शिवले, मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी, आणि 1959 मध्ये गॅरेजमध्ये पटर बनवला. बॉलला लागल्यावर जो आवाज यायचा तेच कंपनीचं नाव, पिंग. 1984 मध्ये नियमांनी व्ही आकाराऐवजी यू आकाराच्या ग्रूव्हला परवानगी दिली. पिंगच्या आय टू आयर्नमध्ये ते ग्रूव्ह आले आणि खेळाडूंची तक्रार सुरू झाली: बॉल सोलून निघतोय. सोल्हाइमनी काय केलं? जे मोठेबाबांनी केलं असतं तेच. ग्रूव्हच्या काठाची धार मोडून किंचित गोल केली.

आणि इथे स्पेसिफिकेशनचा घोळ झाला. नियम असा की दोन ग्रूव्हमधलं अंतर ग्रूव्हच्या रुंदीच्या किमान तिप्पट हवं. पण काठ गोल असेल तर ग्रूव्ह सुरू कुठे होतो? खाली उभ्या भिंतीपासून, की वर गोलाई सुरू होते तिथून? सोल्हाइम म्हणाले भिंतीपासून. अमेरिकेची गोल्फ संघटना यूएसजीए गोलाईवरून मोजत होती. तसं मोजलं की ग्रूव्ह रुंद होतो, मधली जागा कमी पडते आणि क्लब बेकायदा. फरक केसाच्या जाडीएवढा! आमच्याकडे रिक्वायरमेंटमध्ये असं एखादं वाक्य राहून जातं तेव्हा फार तर शनिवार-रविवार जातो. इथे 1989 मध्ये दहा कोटी डॉलरचा दावा गेला कोर्टात, कारण तोवर असे क्लब ढिगाने विकले गेले होते आणि खेळणाऱ्या साध्या माणसांच्या बॅगेत होते. 1990 च्या जानेवारीत तडजोड झाली: पुढचे क्लब पिंग बदलेल, आधी बनलेले कायमचे कायदेशीर.

ते 'कायमचे' वीस वर्षांनी बाहेर आलं. 2010 पासून टूरवाल्यांसाठी नवा नियम लागू झाला. रफमधूनही भरपूर स्पिन मिळतो म्हणून ग्रूव्ह लहान केले, आणि काठाला किमान 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटर, गोलाई सक्तीची केली. हो, गोलाई! जिच्यामुळे सोल्हाइम अडकले होते तीच. त्याच जानेवारीत फिल मिकेल्सन जुना पिंग आय टू वेज घेऊन मैदानात उतरला. तडजोडीमुळे कायदेशीर. केवढा गोंधळ झाला! शेवटी मार्चमध्ये पिंगनेच टूरपुरता आपला हक्क सोडला. मला विचाराल तर 1980 च्या दशकातल्या भांडणात मी सोल्हाइमच्या बाजूने आहे. बॉल वाचवायला गेलेला माणूस मोजपट्टीत सापडला.

बाय द वे, ओरखडा म्हणजे नुकसानच असं नाही हं. एकोणिसाव्या शतकात गुट्टापर्चाचे गुळगुळीत बॉल आले तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की नवा बॉल हवेतून लवकर खाली येतो, आणि क्लबचे घाव खाल्लेला जुना नीट उडतो. मग नव्या बॉलवर हातोडीने मुद्दाम खुणा करायला लागले. आजचे डिंपल त्याच वाटेने आलेत. फक्त आता डिंपल मोजून-मापून असतात, त्यामुळे एका बाजूची साल निघाली की बॉल सगळीकडून सारखा राहत नाही. क्रिकेटवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी सर्लिन किंवा तसल्याच आयनोमर कव्हरचे स्वस्त बॉल घ्या. पहिल्या वर्षी बॉल झिजण्याआधी हरवतातच. वेज मारून झाल्यावर ब्रशने ग्रूव्ह साफ करा, माती भरलेली असेल तर ग्रूव्ह असून नसल्यासारखा. आणि कानस घेऊन घरी ग्रूव्हला धार लावायला किंवा मोडायला बसू नका, मापाबाहेर गेला तर मॅचमध्ये चालणार नाही. मोठेबाबा पॉलिशची चिंधी घेऊन तयारच होते, त्यांना हे समजावताना माझा घाम निघाला. "काहून? दोन मिनिटांचं काम आहे," म्हणे.

तो सोललेला बॉल आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे. पुढच्या मॅचचं बुकिंग झालंय, जेवण परत हरणाऱ्याकडेच. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.